सहावा खण

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, रोजच्या वेळेला, वीज आली. लिनेस लोंग्वेने चार्जरचं बटण खाली केलं. चार्जरमध्ये सेल सात होते. लाल दिवे आठ लागले.

चार्जर आठ खणांचा, मोठ्या जाड्या सेलांचा. प्रत्येक खणाला आपला स्वतंत्र दिवा: चार्ज होत असताना लाल, भरला की हिरवा. सहाव्या खणातला सेल आदल्या आठवड्यात वाजवीपेक्षा जास्त तापायला लागला, म्हणून तिने तो काढून वाळूच्या डब्यात टाकला होता. नवा म्झुझू शहराहून यायचा होता. सहावा खण रिकामा होता, आणि त्याचाही दिवा लाल होता.

तिने बटण बंद केलं, प्लग काढला, खणातली स्प्रिंग आणि समोरचा पत्रा कोरड्या फडक्याने पुसला. सप्टेंबरात सरोवरावर चिलटांचे ढग उठतात. वारा गावाकडे वळला की घरभर बारीक काळी पूड होते. त्यातलंच काहीतरी अडकलं असणार. प्लग पुन्हा लावला तेव्हा सात दिवे लागले. ती चहाचं आधण ठेवायला वळली. पाण्याला उकळी फुटेपर्यंत सहाव्या खणाचा दिवा पुन्हा लागलेला होता.

एक वाजून वीस मिनिटांनी तो हिरवा झाला. इतर सातही त्याच सुमाराला झाले. पाच तास दहा मिनिटं. रात्रभर जळून पार रिता झालेला सेल भरायला एवढाच वेळ लागतो.

चितुंडा गावात वीज असलेली घरं अकरा होती, पण होड्यांचे सेल यायचे ते लिनेसकडेच. सव्वीस वर्षं तिने गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर तिने स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली एका टेबलावर फरशीचा तुकडा ठेवला, त्यावर चार्जर ठेवला आणि टेबलाजवळ कापड, कागद, केरोसीन यांतलं काहीही येऊ द्यायचं नाही असा दंडक घातला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावलं: एकदा वापरून टाकायचे साधे सेल इथे लावायचे नाहीत. ओले सेल आणायचे नाहीत. होडीवरून आलेले गरम सेल आधी निवू द्यायचे. शेवटची ओळ लाल शाईने होती: चार्जर वेगळा वागला तर आधी प्लग काढा, मग विचार करा. चार्जर चालू असताना तिने आजवर घराला कुलूप लावलेलं नव्हतं. त्यापायी दोन लग्नं आणि कितीतरी रविवारच्या प्रार्थना बुडाल्या होत्या.

आणि होते ते धागे. एका दिव्यात सेल चार, म्हणून चार्जरवर एका वेळी दोनच होड्या. प्रत्येक होडीच्या चार सेलांना तिने एका रंगाचा धागा गुंडाळलेला असे: तांबडा, पिवळा, निळा, हिरवा. ते चार एकत्र भरायचे, एकत्र जळायचे, एकत्र निवृत्त व्हायचे. तीन दमदार सेलांच्या ओळीत एक दमलेला घुसला, की बाकीचे त्याला ओढत नेतात. तो तापतो, गळतो, आणि दिवा कधी दगा देईल ते सांगता येत नाही. कोळी हसायचे. "बाईंनी सेलांची लग्नं लावलीत," म्हणायचे. "सोडचिठ्ठी मिळायची नाही."

तिच्या या काटेकोरपणाला कारण होतं. उसिपा हे बोटभर चंदेरी मासे उजेडाला येतात. चांदणं नसलेल्या पंधरवड्यात प्रत्येक होडीच्या पुढे एक अरुंद डोणी जाते. डोणीत एकच माणूस आणि एकच दिवा. मासे दिव्याखाली जमले, की मागून होडी जाळं फिरवते. त्या काळोखात दिवेवाला कुठे आहे हे कळायला दिव्याखेरीज दुसरी खूण नसते.

जूनमध्ये पिवळ्या धाग्याचा दिवेवाला, फायसन म्होने, परत आला नाही. होडीवरच्या लोकांनी सांगितलं, की दिवा अचानक विझला, मग म्वेरा सुटला. दक्षिणेचा तो वारा दोन दिवस पडला नाही. डोणी सापडली नाही. फायसनही सापडला नाही.

एक गोष्ट फक्त लिनेसला ठाऊक होती. त्या दुपारी पिवळ्यांपैकी सहाव्या खणातला सेल फुगला होता. नवा नव्हता, आणि फायसन दारात उभा होता. लिनेसने जुन्या, बाद केलेल्या सेलांतला एक उचलला. मासे वाळत घातलेल्या माचावर, रणरणत्या उन्हात तो तासभर ठेवला. गावातल्या बायका असंच करतात. उन्हाने सेल जागा होतो, थोडा वेळ झकास चालतो आणि मग न सांगता मरतो. आयुष्यभर तिने वर्गात याच गोष्टीबद्दल मुलांना दटावलं होतं. मग तिने त्या सेलाचा, बाद झाल्याची खूण असलेला, पांढरा धागा कापला, पिवळा गुंडाळला आणि सेल फायसनच्या हातात दिला. एका रात्रीचाच प्रश्न आहे, असं तिला वाटलं होतं.

बुधवारी दहा वाजता लमेक न्यिरोंगो आला. बाजारात रेडिओ आणि फोन दुरुस्त करायचा.

"बाई, चौथीत तुम्ही मला दोन छड्या मारल्या होत्या."

"एकच. दुसरी तू चुकवलीस."

"व्याज म्हणून आज चहा पाजा." त्याने चार्जर उलटा करून पाहिला, हलवला, नाकाशी नेला. मग प्लग लावून आपल्या मीटरच्या दोन सळ्या रिकाम्या खणाच्या दोन टोकांना टेकवल्या. "बघू या, कुठलं भूत फुकट जेवतंय. त्याला म्हणावं, स्वतःचं मीटर घे..."

तो मीटरवर वाकला.

"काय झालं?"

"वीज जातेय."

"कुठे?"

"तेच बघतोय." त्याने सळ्या काढून पुन्हा लावल्या. मग करंगळी खणात घातली आणि लगेच बाहेर ओढली. "कोमट आहे. आतली हवा कोमट आहे, बाई. पत्रा गार आहे आणि मधली हवा कोमट."

त्याने मीटर पिशवीत टाकलं. चहा उकळत होता. तो घ्यायला थांबला नाही. दारातून भिंतीवरच्या लाल ओळीकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमचंच अक्षर आहे."

लिनेसने प्लगला हात घातला. भिंतीवरची लाल ओळ पुन्हा वाचली. मग तिने हात मागे घेतला. तिच्या मते शिस्तीत पाहणी करायची तर आणखी दोन दिवस हवे होते.

बुधवारी रात्री वारा होता. होड्या गेल्या नाहीत. गुरुवारी सकाळी कुणाचे सेल आले नाहीत, तरी आठ वाजून दहा मिनिटांनी तिने मोकळाच चार्जर लावला. सात दिवे विझलेले राहिले. सहावा लाल झाला आणि दोनच मिनिटांत हिरवा झाला.

भरलेला सेल न वापरता परत लावला, की चार्जर असंच करतो. लिनेस खुर्चीवर बसली. होड्या गेल्या, तर सेल संपतो. होड्या गेल्या नाहीत, तर संपत नाही. तिने ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यात चूक सापडत नव्हती.

गुरुवारी वारा पडला. शुक्रवारी सकाळी सेलांच्या पिशव्या घेऊन दोघं आले: फायसनचा थोरला भाऊ बेन्सन, जो होडीचा मालक होता, आणि त्याचा नवा दिवेवाला येसाया. अंगाला माशांचा वास, डोळे तांबारलेले.

"न्यालोंग्वे, तुम्ही दक्षिणेकडच्या कुणाला सेल देता काय?" बेन्सनने विचारलं. गावातली वडीलधारी माणसं तिला माहेरच्या कुळावरून न्यालोंग्वे म्हणत.

"चार होड्या, चार दिवे. पाचवा माझ्याकडे नाही."

"मग तो पाचवा कुणाचा? आठवडा झाला, आमच्या पुढ्यात येऊन बसतो. हाक मारली तर ओ देत नाही. बहिरा की माजोरडा, कोण जाणे. आणि उसिपा सगळा त्याच्याकडे."

"सगळा कसला, दादा!" येसाया हसला. "दिवा बघितलात ना त्याचा? तासभर झकास, मग पिवळा, मग गप्प. कुणीतरी बिचाऱ्याला फुसका सेल बांधून दिलाय."

लिनेस खाली बघत सेल खणांत बसवत राहिली. दोन सेल उलटे बसले. ते तिने सरळ केले.

"उद्याचं लक्षात आहे ना?" बेन्सन आवाज उतरवून म्हणाला. "नऊ वाजता. फायसनचे कपडे आणि वल्हं मातीला देतोय. तीन महिने झाले. मासोझी धड बायको नाही, धड विधवा नाही. कुणीतरी दार लावून घ्यायला हवं."

"येईन," लिनेस म्हणाली.

ते गेल्यावर तिने चार्जरकडे पाहिलं. तो फेकून द्यायला हवा होता, यात शंका नव्हती. रिकामा खण गरम होतो, म्हणजे यंत्र बिघडलं. आज नाही तर उद्या घर पेटेल. पण तिने प्लग काढला तर तो पाचवा दिवा उद्या लागणार नाही. आणि उद्याच गाव फायसनला मातीला देणार होतं. प्लग काढून ती गप्प राहिली असती, तर दोन्ही गोष्टी आपोआप झाल्या असत्या.

अकरा वाजता चार्जर चालू ठेवून ती घराबाहेर पडली. असं ती पहिल्यांदाच करत होती.

मासोझी किनाऱ्यावरच्या माचापाशी मासे उलटत होती. बांबूच्या पट्ट्यांवर चांदीचा पातळ थर पसरावा तसे उसिपा चमकत होते.

"न्यामान्दा," लिनेसने तिला माहेरच्या कुळावरून हाक मारली, "तुला एक सांगायचंय."

"बसा, बाई. हात थांबवत नाही हं, कावळे टपलेत."

लिनेसने सांगितलं. फुगलेला सेल, बाद सेल, ऊन, धागा. वर्गात सांगावं तसं क्रमाने सांगितलं. मासोझीचे हात चालूच होते.

"कुठल्या माचावर ठेवला होता तो?"

"याच."

"किती चालला असेल?"

"तासभर. फार तर दोन."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"माझी?"

"नाही." लिनेसने माचावरचा एक मासा उलटला. "गाव माझ्याकडे सेल आणायचं बंद करील याची."

मासोझीने एक मासा उचलून पाहिला, खराब होता म्हणून वाळूत टाकला. कावळा झेपावला. "तुमच्याएवढ्या शिकलेल्या बाईने निदान भीती तरी मोठी बाळगायची," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता दुसरं सांगा. एवढ्यासाठी तुम्ही चार्जर चालू ठेवून आला नसतात."

लिनेसने तेही सांगितलं. या वेळी मासोझीचे हात थांबले. तिने ते लुंगीला पुसले आणि शेजारणीला हाक मारून कावळे हाकायला सांगितलं.

स्वयंपाकघरात त्या दोघी एक वाजून गेला तरी बसून होत्या. मासोझीने चार्जरला हात लावला नाही. रिकाम्या खणावर वीतभर उंचीवर तळवा धरून बसली, चुलीवर धरतात तसा.

"हा तो आहे का?"

"मला माहीत नाही. कुठेतरी एक सेल रोज संपतो आणि इथून भरला जातो, एवढंच मला माहीत आहे."

"आणि तुम्ही हे काढून टाकलंत तर?"

लिनेसने प्लगकडे पाहिलं.

एक वाजून वीस मिनिटांनी दिवा हिरवा झाला. "भरला," मासोझी म्हणाली. घागर भरल्यावर म्हणावं तशी म्हणाली.

"बेन्सनला सांगू का, उद्याचं थांबव म्हणून?"

"काय सांगाल? रिकाम्या खणात दिवा लागतो म्हणून? तो तुम्हालाही मातीला देईल." ती हसली नाही. "मी सकाळी येते. आठला. बघून ठरवते."

शनिवारी ती पावणेआठलाच आली. छातीपासून गुंडाळलेली काळी लुंगी, डोक्याला काळं फडकं. वरच्या बाजूला बेन्सनच्या अंगणात माणसं जमायला लागली होती. बायकांनी म्हणायला घेतलेल्या प्रार्थनेचे सूर वाऱ्यावर तुटक तुटक येत होते. दारात उभं राहून कुणीतरी मासोझीला हाक मारून गेलं.

आठ वाजून दहा मिनिटांनी वीज आली. चार्जरमध्ये एकही सेल नव्हता. सहावा दिवा लाल झाला.

आठ वाजून चौदा मिनिटांनी तो लुकलुकायला लागला.

"हे काय?" मासोझीने विचारलं.

"चार्जर सेल घेत नाहीये." लिनेस चार्जरवर वाकली. "सेल मेला की असा लुकलुकतो. आता तो भरणार नाही. कधीच नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"काढून घेते. लगेच. आत राहिला तर तापतो. फुटतो."

प्लास्टिकचा वास आला. सहाव्या खणाच्या कडा मऊ पडून आत वाकायला लागल्या होत्या. फरशीच्या तुकड्यावर केसासारखी चीर गेली.

लिनेसने प्लगकडे हात नेला.

मासोझीने तिचं मनगट पकडलं. "त्याला आत ठेवून बंद करू नका."

"जळेल सगळं!"

"नुसतं काढायचं ना?"

तिने उजवा हात खणात घातला. लिनेस शिकवायची तसाच: आधी खालचं टोक स्प्रिंगकडे दाबायचं, मग वरून उचलायचं. तिची बोटं मिटत आली आणि मध्येच अडली.

स्प्रिंग वाजली.

दिवा विझला.

मासोझीने हात बाहेर घेतला. क्षणभर तिने ओठ घट्ट मिटून धरले, भाजल्यावर धरतात तसे. हात तिने छातीशी नेला आणि त्यावरून काळी लुंगी ओढून घेतली.

"चला," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."

नऊ वाजता फायसन म्होनेचे दोन शर्ट, एक पँट आणि वल्हं मातीला दिलं गेलं. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मासोझीने डाव्या हाताने टाकली. तिची सासू चारचौघांत म्हणाली, "डाव्या हाताने? नवऱ्याला?" मासोझी हात झटकून बाजूला सरकली.

रविवारी लिनेसने बेन्सनला गाठून सेलाची हकिकत सांगितली. खणाची सांगितली नाही. तो ऐकून घेऊन आत गेला आणि त्याने दार लावलं. सोमवारी तीन होड्यांचे सेल आले. बेन्सनचे आले नाहीत. आलेले सेल लिनेसने शाळेतल्या चार्जरवर भरले. तिचा चार्जर मागच्या अंगणात, वाळूच्या डब्यात होता. मंगळवारी येसाया सांगून गेला, की परका दिवा शनिवारपासून दिसलेला नाही, आणि उसिपा आता चारही होड्यांना सारखा मिळतो.

बुधवारी चार वाजता लिनेस मासोझीकडे गेली. मासोझी पायरीवर बसली होती आणि डाव्या हाताने कसाव्याच्या पिठाचा कोंडोवोले घोटत होती. पीठ भांड्याच्या कडांना लागत होतं. उजवा हात गुडघ्यावर होता.

"सासू बोलते का अजून?"

"सासू बोलते, नणंद बोलते. काल मिशन दवाखान्यातला डॉक्टरही बोलला. म्हणाला, मनाचं दुखणं आहे, मूठ आपोआप सुटेल. त्याने बोटं उघडायला बघितली." तिने भांडं जवळ ओढलं. "जमलं नाही त्याला."

"दुखतं?"

"नाही."

"तू स्वतः उघडून बघितलीस?"

मासोझीने घोटणं थांबवलं. "उघडेन हो, बाई. पण ठेवू कुठे?"

लिनेस शेजारी बसली. चार्जरमधून काढलेला सेल अर्ध्या तासात निवतो. हे तिने सव्वीस वर्षं शिकवलं होतं. तिने मासोझीच्या उजव्या हाताला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग मान वाकवून जवळून पाहिलं. मूठ पुरती मिटलेली नव्हती. बोटं आणि तळवा यांच्यामध्ये मोठ्या सेलाएवढी गोल जागा होती, आणि तिच्यातून पलीकडचं सरोवर दिसत होतं.